तांबूस डाग

इयत्ता सातवीत वसतिगृहातील गिनी पिगच्या पिंजऱ्याची स्वच्छता माझ्याकडे होती. एके सकाळी गवतावर तांबूस डाग दिसला; लघवी करताना मादी पाठ वाकवून बारीक किंचाळत होती. ओले गवत दोन दिवस बदलले नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी धीर करून गुरुजींना सांगितले. पशुवैद्यांनी तपासले, खडा नव्हता, मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला होता. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन या प्राण्याच्या जिवावर बेतते, असे बजावून त्यांनी वेगळे औषध दिले. ती वाचली. गुरुजी रागावले नाहीत. “पहिल्याच दिवशी सांगायचे होतेस, बाळ,” एवढेच म्हणाले. आज माझी मुलगी काही लपवते आहे असे वाटले, की मीही आधी रागावत नाही.