तण आणि तरवड

म्हैसूर ही टापटिपीची नगरी. देशातील ७३ शहरांच्या स्वच्छता-पाहणीत २०१६ साली तिने पहिला क्रमांक मिळवला, यात तिला ओळखणाऱ्यांना नवल वाटण्याजोगे काही नव्हते. दसरा जवळ आला की या टापटिपीला विशेष उधाण येते. कुप्पण्णा उद्यानात पुष्पप्रदर्शन भरते, आणि नेमक्या त्याच सुमारास रस्त्याकडेच्या, रिकाम्या जागांवरच्या 'रानावर' कोयता चालतो. म्हैसूरचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात असतो. तुंबा, खुळखुळा, तरवड यांचा बहरही तेव्हाचाच. एका फुलोऱ्याच्या स्वागतासाठी दुसऱ्याची कत्तल व्हावी, हा योगायोग मोठा विचित्र खरा.

देशावरून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी गृहस्थाला तरवड परका नसतो. नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढवण्याची रीत त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. कन्नडात हीच आवरिके किंवा तंगडी. तिच्या सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी होई. तरीही बंगल्याच्या आवारात तिला जागा मिळत नाही. तेथे मेक्सिकोहून आलेला झेंडू मानाने बसतो, आणि या मातीतली तंगडी कुंपणाबाहेर 'तण' ठरते.

या फुलाची रचना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. त्यात मध नाही. आहे तो केवळ पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्राआड. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपनाने पराग उडून त्याच्या अंगावर पडतो. पोटावर निळसर पट्टे मिरवणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माशीलाही ही विद्या अवगत आहे, मधमाशीला नाही. वांगी आणि टोमॅटो यांचे परागकोशही अशाच छिद्रांचे असतात, आणि अशा गुणगुणाटाने त्यांची फळधारणा सुधारते. ज्या म्हैसूरला ईरनगेरेच्या वांग्याचा एवढा अभिमान, तेथे भुंग्याची पत्रास नसावी!

मधमाश्यांवर तरी सर्व भार टाकावा, तर १९९१-९२च्या सुमारास विषाणूच्या साथीने दक्षिणेतील सातेरी माश्यांच्या वसाहतींचा मोठा संहार झाला. मधुपालकांच्या पेट्या ओस पडल्या. एकाच जातीवर विसंबणे किती धोक्याचे, हे तेव्हा दिसले. रानमाश्यांना मात्र कोणी पेटी करून देत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी उघड्या मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. भुंगा वाळलेल्या लाकडात. फरशी घातलेले आवार आणि तत्परतेने तोडलेली वठलेली फांदी, म्हणजे त्यांचे घरच गेले.

नुसती फुले लावणेही पुरेसे नाही. १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आलेली घाणेरी आज बंडीपूर-नागरहोळेच्या अरण्यात माजली आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते, म्हणून ती उपकारक असे मानण्याचा मोह होतो. परंतु फुलपाखराला मधाइतकीच अंडी घालायला योग्य पाने लागतात. रुईवर वाढणारी अळी घाणेरीवर जगत नाही. केवळ मधाची बाग म्हणजे खानावळ. बाळंतिणीची खोली तिच्यात नाही. खुळखुळ्याची गंमत आणखी वेगळी: त्याच्या वाळलेल्या भागांवर ठिपकेवाली निळी फुलपाखरे, विशेषतः नर, झुंबडतात. तेथून शोषलेल्या द्रव्यापासून ते मादीला आकर्षित करणारा गंध सिद्ध करतात. सुकलेले झाड काढून टाकणाऱ्याला याची कल्पना कोठून असणार?

लागवड करायची तर ती अवघड नाही. तरवडाचे बी टणक. त्याची साल किंचित खरवडून, पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर पेरावे. खत नको, लाड नकोत. तुंबा एकदा रुजला की पुढल्या वर्षी आपला आपण उगवतो, मात्र बी झडेपर्यंत त्याची वाळकी काडी उभी राहू द्यावी लागते. नेमके हेच शेजाऱ्यांना खपत नाही. सापाची भीती निघते, डासांची निघते, आणि अखेर शोभेची.

मग कधी तरी माळी कोयता घेऊन फाटकाशी येतो. त्याला परागीभवन समजावण्यात अर्थ नसतो. 'ही तुंबे आहे' एवढे कन्नडात सांगितले, की शंकराच्या पूजेचे ते पांढरे फूल ओळखून त्याचा हात आपोआप थांबतो, आणि तो दुसरीकडून गवत कापू लागतो.