ताप उतरल्यानंतर

2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यात आमचंही घर सापडलं. आधी मी पडले, पाठोपाठ आमच्याकडे पोळ्या आणि धुणं-भांडी करणाऱ्या मावशी. तापाचे दिवस मला धड आठवतही नाहीत. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांची एक ताकीद: डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण डेंग्यू असला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आठवड्याच्या आत ताप गेला. पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. आपल्या घरांमधून आजारपण मोजतात ते थर्मामीटरवर. ताप उतरला की बाई बरी झाली, ती आता ओट्यापाशी उभी राहणार, असं सगळेच धरून चालतात. बहुतेक वेळा ती स्वतःसुद्धा.

सकाळी जाग आली की बोटं उघडत नसत. मूठ वळत नसे. गादीवरून उठून पाय जमिनीवर टेकवला की घोट्यात कळ यायची, आणि भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायला वेळ लागायचा. कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले की थोडे मोकळे व्हायचे. दुपारपर्यंत बरं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा ठणका. घरकामात मनगटाला आणि बोटांना किती राबावं लागतं, ते तेव्हा एकेका वस्तूने सांगितलं. कुकरचं झाकण बसवणं, गॅसचं बटण दाबून फिरवणं, सांडशीने पातेलं उतरवणं, फडकं पिळणं, मुलीची वेणी घालणं. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरत होते. कणीक मळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

तोंडाला चव नव्हती, म्हणून सासूबाई मऊ भात करायच्या. त्यावर मेतकूट, तूप आणि बाजूला लिंबाचं जुनं लोणचं. त्यांचं माहेर बार्शीचं. 1973 साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती, ती त्यांनी घरात पाहिलेली. त्यानंतर देशात तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ दिसलाच नाही आणि 2006 मध्ये पुन्हा उसळला. त्यामुळे आमच्या पिढीला तो नवाच होता, त्यांना नव्हता. “ताप जातो गं, सांधे सोडत नाही तो,” त्या म्हणाल्या. “माझी आई दिवाळीपर्यंत जिन्याला धरून उतरायची. तू घाई करू नकोस.” त्यांचं हे एक वाक्य मला गोळ्यांइतकंच उपयोगी पडलं. डॉक्टरही तेच सांगत होते: बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं, काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं, हलकी हालचाल चालू ठेवा, जोर लावू नका.

पण सप्टेंबर उजाडला आणि गणपती आले. उकड मळायला आणि मोदकाच्या कळ्या पाडायला बोटं लागतात. सासूबाईंनी मोदक सरळ विकत आणायला सांगितले. बाप्पाला चालतात, असं त्यांनी जाहीर केल्यावर घरात कुणी काही बोललं नाही. गौरी जेवायच्या दिवशी पुरण नवऱ्याने वाटलं, कणीकही त्यानेच तिंबली. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून पाणी किती ते सांगत होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरात कणीक तोच मळतो. मी पूर्ण बरी झाल्यावरही ते काम मी परत घेतलेलं नाही, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

मला हे सगळं मिळालं. मावशींना मिळणार नव्हतं. त्या चार घरची कामं करतात. ताप उतरताच त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा चप्पल काढायलाही त्यांना वाकवत नव्हतं. “ताई, बसून कसं चालंल? एका घरी खाडे धरलेत,” त्या म्हणाल्या. ज्या दुखण्याने मला कप उचलवत नव्हता, तेच दुखणं घेऊन त्या दुसऱ्यांच्या चादरी पिळणार होत्या. आम्ही त्यांना पगार हातात देऊन घरी पाठवलं. भांडी आम्ही वाटून घेतली. बाकीच्या घरांनाही तसंच करायला सांगितलं; दोघांनी ऐकलं, एकाने नाही.

पण घरीही मावशींच्या हातांना विसावा नव्हता. त्यांच्या वस्तीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून पिंपं भरून ठेवावीच लागतात. चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात; म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करायची. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतला काठ घासावा लागतो, कारण तिथे चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. आता ही घासाघाशी करायची कोणी? ज्यांचे हात आखडले आहेत त्यांनीच. मावशींचा मुलगा ते काम करू लागला, ही त्यातली चांगली गोष्ट.

या पावसाळ्यात तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना चिकुनगुनिया झाला, तर त्यांचे खाडे मांडू नका. ताप उतरल्यावरही निदान दोन आठवडे पगारी सुट्टी द्या, आणि त्या परत आल्या की पिळण्या-घासण्याची कामं सगळ्यात शेवटी सांगा.