कारखान्याच्या फाटकाआतला कायदा

वकील म्हटले की आपल्या समाजाच्या डोळ्यांसमोर बाबासाहेबांची मूर्ती उभी राहते. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे बाबासाहेब हा आपला आदर्श आहे. त्यामुळे वकील म्हणजे न्यायालयात अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे स्वाभाविकपणे रुजली आहे. माझे काम मात्र गेली अठरा वर्षे न्यायालयाबाहेर, एका मोठ्या कारखान्याच्या विधी विभागात चालले आहे. या कामाविषयी स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, त्याबद्दल मी आभारी आहे. गुप्ततेच्या बंधनामुळे कंपनीचे नाव व माणसांची ओळख येथे देता येत नाही, एवढे आरंभीच नमूद करते.

पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास वकिली करता येत नाही, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. त्यानुसार नोकरीत रुजू होताना मी माझी सनद स्थगित ठेवण्याचा अर्ज दिला. आईला हे समजावणे फार अवघड गेले. "एवढं शिकलीस, आणि आता काळा कोट घालायचाच नाही?" असे ती कितीतरी दिवस विचारीत होती. तिचे दुःख खरे होते. वस्तीत तिने ज्या कोटाचे स्वप्न सांगितले होते, तो कोट कपाटात राहिला आणि माझ्या हाती आल्या फाइली: खरेदीचे व वाहतुकीचे करारनामे, जमिनीचे दस्तऐवज, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार. तंटा उभा राहिल्यावर बाहेरचे वकील न्यायालयात जातात. तंटा उभाच राहू नये म्हणून करारातील एकेक कलम वाचीत बसणे हे आमचे काम.

समाजाच्या कार्यक्रमांत ज्येष्ठ मंडळी विचारतात, "ताई, तुम्ही नेमक्या कोणाच्या वकील? मालकाच्या की कामगाराच्या?" हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. भगवान बुद्धांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्या यादीत माझी नोकरी येत नाही, परंतु तेवढ्याने ती सम्यक आजीविका ठरते असे मला वाटत नाही. ती सम्यक आहे की नाही, हे रोजच्या टिपणात मी काय लिहिते यावरून ठरते. एका प्रसंगाने मला हे स्पष्ट झाले.

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात मालाच्या चढउतारीचे काम एका कंत्राटदाराकडे होते. दिवाळी तोंडावर असताना त्याने दूरध्वनी बंद केला आणि तो दिसेनासा झाला. त्याच्या साठाहून अधिक कामगारांची दोन महिन्यांची मजुरी थकली होती. बहुतेक जण मराठवाड्यातून आलेले. ते फाटकाबाहेर बसून राहिले. व्यवस्थापनातील एका वरिष्ठांचे म्हणणे असे की, मजुरीची जबाबदारी सर्वस्वी कंत्राटदाराची, असे करारात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा कंपनीचा संबंध नाही असे पत्र तयार करा.

करारात तसे लिहिलेले होते, हे खरे. परंतु दोन पक्षांनी आपसात केलेल्या कराराने कायद्याने घातलेले कर्तव्य संपत नाही. कंत्राटी कामगारांसाठी त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात दोन गोष्टी होत्या. कंत्राटदार मजुरी वाटताना मुख्य मालकाने आपला प्रतिनिधी हजर ठेवावा आणि वाटलेली रक्कम त्याने प्रमाणित करावी, ही पहिली. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मुख्य मालकाने द्यावी व नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, ही दुसरी. मी दीड पानाचे टिपण लिहिले. त्यात कंत्राटदाराची किती बिले आमच्याकडे देणे आहेत आणि त्यांतून किती रक्कम वळती करता येईल, याचा हिशेबही जोडला. केवळ 'हे करता येणार नाही' असे सांगणाऱ्या वकिलाचे कंपनीत फारसे कोणी ऐकत नाही. 'असे करता येईल' हेही त्याच कागदावर लिहावे लागते.

त्यानंतर दुसरी सूचना आली. वेतनवाटपाच्या रजिस्टरवर कंपनीच्या प्रतिनिधीच्या सह्या मागील तारखांनी करून घ्याव्यात, म्हणजे मजुरी दिल्याचे दिसेल. मी उत्तर लिहून दिले: सही ज्या दिवशी होईल त्याच दिवसाची तारीख पडेल, आणि न वाटलेल्या पैशांखाली सही होणार नाही. आपल्या शाळेत रोज सकाळच्या वंदनेत आपण पंचशील म्हणत होतो. त्यांतील चौथे शील असत्य भाषणापासून विरत राहण्याचे. असत्य रजिस्टरच्या रकान्यातही बोलता येते, हे मला नोकरीत कळले.

पुढे प्रकरण वरच्या पातळीवर गेले आणि कंपनीने मजुरी दिली. तोवर दिवाळी होऊन गेली होती. काही कामगार गावी परतले होते. त्यांच्या खात्यांत पैसे पोचविण्यास आणखी दोन महिने लागले आणि तिघांचा पत्ता अखेरपर्यंत मिळाला नाही. त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात 'सहकार्याची वृत्ती वाढवावी' असा शेरा आला.

यावरून मी कामगारांची वकील आहे, असा कोणी अर्थ घेऊ नये. मी पगार कंपनीचा घेते. चोरी सिद्ध झालेल्या कामगाराची बडतर्फी टिकावी म्हणून मी कागद तयार केले आहेत आणि त्याच्या पत्नीला कार्यालयाबाहेर उभी असलेली पाहिले आहे. ते काम मी केले, कारण चौकशी रीतसर झाली होती आणि त्याला बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळाली होती. ती संधी नसती, तर तेही मी टिपणात लिहिले असते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तो कायदा दिल्लीत झाला. परंतु प्रत्यक्ष ४८ तास मोजले जातात ते कारखान्याच्या हजेरीपटावर. तो पट तपासणारा माणूस फाटकाच्या आत असावा लागतो. आपल्या मुलांनी न्यायालयात अवश्य जावे. त्याचबरोबर काहींनी या खुर्चीतही बसावे, असे मला मनापासून वाटते.

पालकांना एक विनंती. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन्ही अभ्यासक्रम खुले आहेत. मुलामुलींना मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत नेमके लिहिण्याची सवय लावा. या व्यवसायात आवाजापेक्षा मसुदा अधिक काम करतो. आणि काळा कोट दिसला नाही म्हणून खंत करू नका. माझ्या आईने तो कोट अजून जपून ठेवला आहे. आताशा ती शेजारणींना सांगते, "माझी लेक कंपनीचे कागद वाचते, आणि खोट्यावर सही होऊ देत नाही."

जय भीम.