तरीतून दिसणारी सातखणी

रेवदंडा माझं आजोळ. मे महिन्यात मुरूडला मावशीकडे जायचं म्हणजे आधी कुंडलिकेची खाडी ओलांडायची, आणि ती तरीने. मामा धक्क्यावरून पिशव्या आत द्यायचे, मग आम्हाला बखोटीला धरून होडीत उतरवायचे. तळाशी साचलेलं पाणी पायाला गार लागायचं, शेजारच्या टोपलीतल्या सुकटीचा वास पलीकडच्या काठावरचं साळाव येईपर्यंत कपड्यांत मुरायचा. मध्यावर आलं की मागे माडांवर सातखणी डोकं काढायची आणि समोर कोर्लईचा डोंगर.

सातखणीला आम्ही बुरूजच समजत होतो. तो फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा मनोरा, हे फार उशिरा कळलं. सात खणांपैकी आता चारच उरलेत. डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, सगळ्यांची चर्चं होती रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात. 1740मध्ये कोट मराठ्यांकडे आला, पुढे आत सुपारीच्या वाड्या झाल्या. चर्चच्या पडक्या कमानीखाली आम्ही लपंडाव खेळायचो, तेव्हा बाजूच्या विहिरीवर रहाट कुरकुरत असायचा. आज तिथे पंप आहे, आणि कमानीच्या सांध्यांत पिंपळाची मुळं शिरली आहेत.

1986मध्ये खाडीवर पूल झाला. त्याला मी नावं ठेवणार नाही. रात्री दुखणाईत माणसाला घेऊन तरीसाठी ताटकळणारी माणसं मी पाहिली आहेत. पण पुलावरून गाडी पाच मिनिटांत साळावला पोचते आणि सातखणीकडे कुणाची मान वळत नाही.

पलीकडच्या कोर्लई गावाचं दुखणं निराळं. तिथल्या माउंट कार्मेल चर्चभोवतीची ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली आपली बोली बोलते. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज गेले तरी ती टिकली, कारण खाडीने गाव आडबाजूला ठेवलं होतं. पूल आला, शाळा-नोकऱ्या जवळ आल्या. नातवंडांना बोली कळते, पण उत्तर मराठीत येतं, असं तिथल्या एका आजींनी मला ओट्यावर बसून सांगितलं. सांगताना त्यांचा हात जाळ्याच्या गाठीवर थांबला होता.

मुरूडला जाताना पुलाआधी गाडी थांबवा. वाडीवाल्याला विचारून सातखणीपाशी जा, भिंतींवर नावं कोरू नका. आणि कोर्लईत दोघं आपसात बोलत असतील, तर घटकाभर कान द्या.