मिझुकी शिगेरू : पार्श्वभूमीचा चित्रकार

कथाचित्रांच्या धंद्यात पार्श्वभूमीला कोणी फारसा मान देत नाही. आधी माणसे काढावीत, त्यांच्या मुद्रांवर हर्षखेद नीट उमटले की नाहीत ते पाहावे, आणि मग हाताशी वेळ उरलाच तर मागे एखादे झाड, एखादी भिंत, आभाळाच्या चार आडव्या रेघा ओढून चित्र छापखान्याकडे रवाना करावे, असा आमचा जुना शिरस्ता. टाक आणि काळी शाई यांच्या संगतीत ज्याची हयात गेली अशा माझ्यासारख्या माणसाने जेव्हा मिझुकी शिगेरू या जपानी चित्रकथाकाराची पाने प्रथम पाहिली, तेव्हा हा सारा शिरस्ता तेथे उलटा झालेला आढळला. माणूस पाहावा तर दोन-चार रेघांत आटोपलेला, डोळ्यांच्या जागी चष्म्याची दोन वर्तुळे, दात पुढे, हातपाय लुळे. आणि त्याच्या मागचे रान मात्र असे, की पानापानाची शीर, खोडावरची बुरशी, ओलसर जमिनीवर साकळलेला अंधार यांतले काहीही नजरेतून सुटू नये.

हे रान त्यांनी ठिपक्यांनी उभे केले आहे. रेघेच्या ब्लॉकला काळे आणि पांढरे एवढेच कळते, करड्या छटा त्याच्या ठायी नाहीत; म्हणून ज्याला करडेपणा हवा असेल त्याने एक तर रेघांवर आडव्या रेघा घालाव्यात, नाहीतर निबेच्या टोकाने ठिपक्यामागून ठिपका ठेवीत जावे. यांतला दुसरा मार्ग अतिशय कष्टाचा. ठिपके दाट झाले की शाई एकत्र मिसळून डाग पडतो, विरळ झाले की वस्तूचा घाट नाहीसा होतो, आणि मनगट थकले की ठिपक्याला शेपूट फुटते. एका हातभर आभाळात दिवस सहज जातो. मिझुकींच्या कार्यशाळेत पुढे साहाय्यक आले, त्यांत त्सुगे योशिहारू आणि इकेगामी र्‍योइची यांच्यासारखे स्वतंत्र प्रतिभेचे चित्रकारही होते, आणि ठिपक्यांचे पुष्कळसे काम त्यांच्या हातून झाले. परंतु माणूस हलका आणि जग जड हे प्रमाण ठरवणारी दृष्टी एकट्या मिझुकींची होती. या तफावतीमागे एक ठाम मत आहे, अशी माझी धारणा आहे. आणि ते मत समजून घ्यायचे तर त्यांच्या चरित्राकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

8 मार्च 1922 रोजी ओसाका येथे जन्मलेल्या या मुलाचे बालपण जपानी समुद्राच्या काठावरील साकाइमिनातो या लहानशा बंदरगावी गेले. घरात कामाला मदत करण्यासाठी एक गरीब वृद्धा येत असे. देवाधर्माचे करणाऱ्या माणसांना त्या मुलखात जे नाव होते त्यावरून सारे तिला नोन्नोन्बा म्हणत. छतावर ओलीचा डाग दिसला की रात्री येऊन छत चाटणाऱ्या भुताचे ते काम, ओढ्याकाठी सळसळ ऐकू आली की तेथे कोणीतरी अदृश्य बसून लाल चवळीसारखे दाणे धूत आहे, असे ती सांगे. आणि गावच्या शोफुकुजी मंदिरातील स्वर्गनरकाची चित्रे दाखवायला मुलाला बरोबर नेई. त्या वृद्धेच्या शिकवणुकीत मला फार मोलाची वाटते ती गोष्ट ही, की तिच्या जगात कोणताही आवाज, कोणताही डाग बेवारशी नव्हता. रात्रीच्या वाटेवर पाठीमागून पावले वाजू लागली तर बाजूला सरून, त्या पावलांच्या मालकाला आदराने पुढे जाऊ द्यावे, असा तिकडील लोकाचार आहे. भिण्याऐवजी वाट देण्याचा हा शिष्टाचार मिझुकींच्या साऱ्या चित्रकथांतून पुढे झिरपत राहिला.

1943 साली पलटणीत भरती होऊन ते न्यू ब्रिटन बेटावरील रबौल या जपानी ठाण्याकडे रवाना झाले. (सिंगापुरात कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी कित्येकांना याच रबौलला आणून जपान्यांनी वेठीला जुंपले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.) पुढच्या वर्षी बेटाच्या आघाडीवरील एका चिमुकल्या तुकडीत त्यांची नेमणूक झाली. एके पहाटे पहाऱ्यावर असताना दुर्बिणीतून पोपट पाहण्यात ते रमले, परतायला किंचित उशीर झाला, आणि तेवढ्यात तुकडीवर छापा पडून बाकीचे सर्व सोबती मारले गेले. समुद्रात उडी टाकून, मग रानावनांतून भटकत, बंदूक गमावून हा शिपाई कसाबसा आपल्या ठाण्यावर रुजू झाला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला विचारले ते एवढेच, की इतर सारे मेले असता तू जिवंत का परतलास.

या पलायनात घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. रात्रीच्या अंधारात रान तुडवीत जाताना समोर डांबरासारखे काहीतरी दाट, चिकट आडवे आले. ढकलले तर ढळेना, बाजूने जावे तर तेथेही तेच. थकून ते खाली बसले, आणि काही वेळाने उठून पाहतात तो वाट मोकळी. क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावरील गावांत अशा अडथळ्याला नुरिकाबे म्हणतात, आणि लोकसाहित्याचे थोर अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्याची नोंद करून ठेवली आहे : रात्री चालता चालता अकस्मात भिंत उभी राहते, वरच्या बाजूला काठी मारून उपयोग होत नाही, पायथ्याशी मारली की ती नाहीशी होते. आपल्या कोकणातल्या चकव्याशी याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. तो माणसाला एकाच जागी फिरवतो, हा थांबवून धरतो, एवढाच भेद.

यानागितांच्या टिपणांत नुरिकाबेला रूप नाही. तेथे आहे ते फक्त वर्णन. ही गोष्ट चित्रकाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अठराव्या शतकात तोरियामा सेकिएन यांनी भुताखेतांची चित्रसंग्रह पुस्तके काढली, तेव्हा पुष्कळ भुतांना देह मिळाला. परंतु खेडोपाडी केवळ तोंडी वावरणारी कितीतरी भुते चेहऱ्याविना राहिली होती. वाळू फेकणारी म्हातारी, तान्ह्या मुलासारखा रडून उचलणाऱ्याच्या पाठीवर जड होत जाणारा म्हातारा, हवेत तरंगत येऊन गळ्याभोवती आवळणारा पांढऱ्या कापडाचा तागा, यांना आज जपानमधील लहान मूलही ओळखते ते मिझुकींनी दिलेल्या रूपावरून. नुरिकाबेला त्यांनी काय दिले? एक अवाढव्य चौकोनी भिंत, दोन बारीक झोपाळू डोळे, आणि खाली आखूड पाय. ज्या गोष्टीने रानात आपली वाट अडवली तिला त्यांनी पुढे कितारो या आपल्या बालनायकाच्या बाजूने लढणारा निष्ठावंत सोबती केले, याहून मोठे औदार्य मला चित्रकलेत क्वचितच दिसले आहे.

ठाण्यावर परतल्यावर हिवतापाने ते अंथरुणाला खिळले, आणि त्याच अवस्थेत विमानांच्या बाँबहल्ल्यात डावा हात जायबंदी होऊन तो कापावा लागला. चित्र उजव्या हाताने काढायचे असेल तर डाव्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या कामात कागद दाबून धरतो तो डावा हात. पट्टी धरतो तो डावा हात. वळणदार रेघ मनगटाच्या सोयीने यावी म्हणून पुनःपुन्हा कागद फिरवतो तोही डावाच. या साऱ्या सोयींवाचून त्या माणसाने पुढची कित्येक दशके हजारो पाने काढली, आणि तीही ठिपक्यांची, जेथे कागद केसभर सरकला तरी काम वाया जाते.

हात गेल्यानंतरच्या काळात जवळच्या तोलाई लोकांच्या वस्तीत ते हुकूम डावलून जाऊ लागले. त्या लोकांनी त्यांना कंद, फळे खाऊ घातली, आपल्यातले एक मानले, आणि युद्ध संपल्यावर घर व जमीन देतो, येथेच राहा असे सांगितले. मिझुकींनी राहायचे जवळजवळ ठरवलेही होते; आधी घरी जाऊन आईबापांना तोंड दाखव, असे एका लष्करी डॉक्टराने समजावल्यामुळे ते जपानला परतले. पुन्हा त्या बेटावर त्यांना जाता आले ते 1971 साली. जुने मित्र तेथे होते, आणि मग ही ये-जा पुढेही चालू राहिली.

परतल्यावर पोटासाठी त्यांनी मासळी विकली, कोबे शहरात एक जुनी इमारत घेऊन भाडेकरू ठेवले (त्या इमारतीच्या नावावरूनच ‘मिझुकी’ हे लेखणीनाम आले), आणि सायकलवर लाकडी चौकट लावून गल्लीगल्लीत मुलांना गोष्टी सांगणाऱ्यांसाठी चित्रे रंगवली. टेलिव्हिजन आल्यावर तो खेळ बुडाला. मग तोक्योला येऊन भाडोत्री वाचनालयांसाठी ते चित्रकथा काढू लागले. हलका कागद, तुटपुंजा मेहनताना, तोही वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही. 1961 साली पहिल्या भेटीनंतर पाचच दिवसांत त्यांचा विवाह झाला, आणि गहाणवट ठेवण्याजोगी चीजवस्तू घरात उरली नाही अशा त्या वर्षांत पत्नी नुनोए यांनी शेजारी बसून चित्रांतले काळे भरण्यापासून ठिपके देण्यापर्यंत हातभार लावला. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून 2010 साली जपानी सार्वजनिक वाहिनीने रोजची मालिका केली, तेव्हा साऱ्या देशाला या जोडप्याची ओळख नव्याने पटली.

याच हलाखीत कितारो जन्मला. युद्धापूर्वीच्या अशाच गल्लीतल्या चित्रफलकांच्या खेळात त्याचे मूळ होते. 1960 मध्ये मिझुकींनी त्याला स्वतःच्या कल्पनेने घडवले. भूतवंशातला हा शेवटचा मुलगा मृत आईच्या थडग्यातून बाहेर पडतो. त्याला एकच डोळा आहे, आणि रोगाने झिजून गेलेल्या बापाचे जे काही उरले ते म्हणजे एक बुबुळ. त्या बुबुळाला इवलेसे हातपाय फुटतात, ते मुलाच्या केसांत बसून त्याला सल्ले देते, आणि दमले की चहाच्या वाडग्यातल्या ऊन पाण्यात स्नान करते. ती चौकट पाहावी : वाडग्याच्या कडेवर हात टाकून निवांत बसलेला तो डोळा, वर चार वळणांची वाफ. मरणही ज्याचे पितृत्व हिरावू शकले नाही अशा बापाचे याहून मायाळू चित्र मला ठाऊक नाही. 1965 साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेचे पारितोषिक त्यांना मिळाले, साप्ताहिकात कितारोचा प्रवेश झाला, 1968 मध्ये तो टेलिव्हिजनवर आला, आणि वयाच्या पंचेचाळिशीत या माणसाची विवंचना संपली.

पुढील मानमरातबांचा तपशील सांगत बसत नाही. नोन्नोन्बेवरील पुस्तकाला 2007 साली फ्रान्समधील आंगुलेमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा मान लाभला. साकाइमिनातोच्या रस्त्यावर आज त्यांच्या भुतांचे पावणेदोनशेहून अधिक ब्राँझचे पुतळे आहेत. 30 नोव्हेंबर 2015 रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. झोपेला ते फार मानीत. रात्रंदिवस जागून काम करणारे तेझुका ओसामू आणि इशिनोमोरी शोतारो हे त्यांचे दोन बिनीचे समव्यवसायी साठीतच गेले, आणि हे मिझुकींनी खरोखरीच्या हळहळीने लिहून ठेवले आहे.

परंतु ज्या ग्रंथासाठी मी त्यांना वंदन करतो तो 1973 सालचा युद्धग्रंथ, ‘सोइन ग्योकुसाई सेयो’. त्यातील नव्वद टक्के मजकूर प्रत्यक्ष घडलेला असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पलटण शत्रूला शरण न जाता एकजात मरून जावी, असा फतवा निघतो. काही जण त्यातून वाचतात. आणि मग अनर्थ ओढवतो तो असा, की वरिष्ठ दफ्तरात त्यांच्या वीरमरणाची नोंद आधीच झालेली असते. दफ्तर खोटे ठरू नये म्हणून जिवंत माणसांना पुन्हा मरायला पाठवले जाते. त्याआधीच्या पानांवर शिपाई मरतात तेही कसे : एकाला सुसर नेते, दुसरा मासे पकडताना तोंडात धरलेला मासा घशात अडकून गुदमरतो, आणि जे जगतात ते वरिष्ठांच्या थपडा खात जगतात. शौर्याला त्या ग्रंथात कोठे जागाच नाही.

प्रत्यक्षातील त्या घटनेत काही लोक अखेरीस वाचले होते. मिझुकींनी ग्रंथात एकालाही वाचवले नाही. काही टीकाकारांना हा फेरफार नाट्यासाठी केलेला वाटतो. मला तो हिशेबाचा चोखपणा वाटतो, कारण ज्या क्षणी फतव्यावर सही झाली त्या क्षणी राज्याने सर्वांनाच मृतांच्या यादीत घातले होते. आणि येथेच त्यांच्या चित्रणाचे प्रमाण बदलते. ग्रंथभर चार रेघांत आटोपलेले शिपाई शेवटच्या पानांवर प्रेते होतात, तेव्हा ठिपक्यांची सारी मेहनत त्यांच्या वाट्याला येते : मातीत रुतलेले हात, उघडे जबडे, फासळ्या, छायाचित्राच्या बारकाईने. जिवंतपणी ज्यांना कोणी वजन दिले नाही, त्यांना ते मेल्यावर रानाच्या आणि दगडांच्या बरोबरीने मिळते. माणूस हलका काढण्यामागे मिझुकींच्या मनात माणसाविषयी तुच्छता नव्हती. राज्याने त्याला किती स्वस्त मानले, आणि झाडे, पाणी, भुते यांनी त्याला त्याच वेळी कसा आसरा दिला, हे त्या प्रमाणात नोंदलेले आहे. भुतांच्या कथा मुलांसाठी आणि युद्धाच्या कथा प्रौढांसाठी अशी त्यांच्या कार्याची जी विभागणी सर्रास केली जाते ती मला म्हणूनच मान्य नाही. दोहोंतही ज्यांची कोठे नोंद नाही त्यांना रूप देण्याचेच काम चालू आहे.

या ग्रंथाचे, नोन्नोन्बेचे, आणि शोवा कालखंडाच्या त्यांच्या बृहद् चित्रमय इतिहासाचे इंग्रजी अनुवाद आता मिळतात. प्रारंभ नोन्नोन्बेपासून करावा. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत, त्याची सवय दहा-बारा पानांत होते. आणि पहिल्या वाचनात फुग्यांतले संवाद बाजूला ठेवून प्रत्येक चौकटीचा मागचा भाग आधी पाहावा, कौले, पाइनची झाडे, समुद्र, छतावरचे डाग, आणि मग पुढच्या माणसांकडे यावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे.