बारा जिवाणूंचा उंदीर

मोजून बारा जातींचे जिवाणू पोटात घेऊन जगणाऱ्या उंदरावरच्या प्रयोगातून काय कळणार, असं मी कैक वर्षं म्हणत आले. असा शोधनिबंध चर्चेला आला की नाक मुरडायचे. साध्या उंदराच्या आतड्यात शेकडो जाती नांदतात. त्यांतल्या बारा उचलायच्या आणि त्यालाच आतडं म्हणायचं, हे मला थोतांड वाटे. आता तसं वाटत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

माझ्या मताला पहिला तडा दिला तो मी ज्यांना ‘खरे’ म्हणायचे त्या उंदरांनीच. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅन लिटमन यांच्या गटानं दाखवून दिलं की, टॅकोनिक या पुरवठादाराकडून घेतलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच-17 या रोगप्रतिकारक पेशी भरपूर सापडतात, आणि त्याच वाणाचे उंदीर जॅक्सन या दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतले तर फारच थोड्या. फरक होता आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणाऱ्या एका धाग्यासारख्या जिवाणूचा. म्हणजे निकाल उंदीर कुणाकडून मागवले यावर ठरायचा! शिवाय उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू हळूहळू सारखे होतात. मग गुण औषधाचा की पिंजऱ्याचा?

तरी मन पुरतं वळलं ते म्युनिकच्या बेर्बेल श्टेशर यांच्या गटाच्या 2016च्या कामामुळे. मोजके, ठरवून निवडलेले जिवाणू उंदराला द्यायची कल्पना नवी नव्हती. रसेल शेडलर 1960च्या दशकात तेच करत होते आणि 1978 पासून आठ जिवाणूंचा ठरलेला संच वापरात आहे. म्युनिकचे बाराही उंदरातूनच घेतलेले, प्रत्येकाचा जीनोम वाचलेला. ते जंतुरहित उंदरांना दिले. असे उंदीर प्लॅस्टिकच्या बंद तंबूत वाढतात. तंबूलाच जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांतून त्यांना हाताळायचं, आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी निर्जंतुक करायची. पेरॅसिटिक अ‍ॅसिडचा आंबूस, नाकात झोंबणारा वास कपड्यांना बसतो. जंतुरहित उंदीर उघडला की फुगलेलं सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, निम्मं पोट व्यापून बसलेलं दिसतं. जिवाणूंची गरज किती, ते तिथंच कळतं.

या बारा जिवाणूंच्या उंदरांना साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू दिला, तर ते साध्या उंदरांइतके तग धरू शकले नाहीत. मला हवं तेच! पण त्यांनी बारांचे जीनोम साध्या उंदराच्या जिवाणूंशी ताडून पाहिले, कोणतं काम करणारं कुणीच नाही ते हेरलं, आणि ई. कोलायसह तीन जिवाणू भरीला घातले. संरक्षण साध्या उंदरांच्या तोडीचं झालं. पुढे 2021 मध्ये कळलं की ई. कोलाय साल्मोनेलाच्या तोंडचा गॅलॅक्टिटॉल हा खाद्यघटक पळवतो, तेही सोबतीला योग्य जिवाणू असतील तरच. साध्या उंदरात संरक्षण आहे एवढंच दिसतं. कुणामुळे, ते शोधायला एकेकाला काढता-घालता आलं पाहिजे.

एका बाबतीत मात्र मी अजून हटून आहे. 2006 मध्ये लंडनला टीजीएन-1412 या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाच्या चाचणीत सहा स्वयंसेवक मरणाच्या दारात पोचले. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी धोक्याची सूचना दिली नव्हती. 2019 मध्ये रॉसहार्ट आणि रेहरमन या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या वाणाचे भ्रूण रानटी उंदरांच्या माद्यांच्या गर्भाशयात वाढवले, म्हणजे पिल्लांना जिवाणू रानटी आईचे मिळाले. त्या पिल्लांनी तशाच औषधाला माणसासारखा प्रतिसाद दिला. तेव्हा औषध माणसाला टोचण्याआधी बारा जिवाणूंच्या उंदरावर भिस्त ठेवू नका. कारण शोधायचं असेल, तर मात्र त्याच्याकडेच जा.

आणि उंदीर कुठलाही असो, शोधनिबंधात तो कुठून आणला, काय खाऊ घातलं, कोण कुणाबरोबर एका पिंजऱ्यात होतं आणि पोटात कोणते जिवाणू होते, एवढं तरी लिहा.