खालची माणसे

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' मी प्रथम वाचली ती मुलांसाठी केलेल्या एका संक्षिप्त मराठी अनुवादात. पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटलेले होते, त्यामुळे अनुवादकाचे ऋण नावानिशी मानण्याची सोय उरलेली नाही. तुमसर तालुक्यात गोबरवाहीजवळ आमचे घर, आणि वडील चिखला येथील मँगनीजच्या खाणीत कामाला. भंडारा जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना तलाव आठवतात, धान आठवते. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत मँगनीजचा पट्टा आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानी नसते. त्यातली डोंगरी बुजरुकची खाण उघडी, आकाशाखालची. चिखल्याची मात्र भूमिगत.

ही माहिती देण्याचे कारण असे की, वेल्सचा कालप्रवासी इ. स. 8,02,701मध्ये पोचतो तेव्हा त्याला जमिनीत ठिकठिकाणी विहिरींसारखी विवरे दिसतात. त्यांत पाणी नसते. काठाशी कान दिला की खोलवरून यंत्रांची धडधड ऐकू येते. इतर वाचकांच्या अंगावर या ठिकाणी काटा येत असावा. मला ती जागा ओळखीची वाटली. खाणीच्या पंख्याची घरघर रात्री आमच्या अंगणात येई, आणि ती येत आहे तोवर आई निर्धास्त झोपे. कालप्रवासी त्या विवरात उतरतो तेव्हा त्याच्यापाशी चारच काड्या उरलेल्या असतात. हा शहाणा माणूस टॉर्च का घेऊन गेला नाही, याचे मला भारी नवल वाटले होते. (डोंगरी बुजरुकच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायॉक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये वापरतात, हे मला पुष्कळ नंतर कळले.) आणखी एक गोष्ट खटकली होती. खाली राहणारे मॉरलॉक पांढरेफटक होते. बाबा तर वर येत ते काळे होऊन.

मूळ इंग्रजी कादंबरी महाविद्यालयात असताना हाती आली, आणि अनुवादात काय गाळले होते ते उमगले. 1895 सालच्या त्या छोट्या पुस्तकात विचार हाच नायक आहे. कालप्रवाशाला वेल्सने नावसुद्धा दिलेले नाही. तो एक तर्क करतो, तो चुकतो, मग दुसरा करतो. आधी त्याला वाटते की, ही सुखी समतेची दुनिया आहे. मग दिसते की, वर राहणारे नाजूक इलॉय हे मालकांचे वंशज आणि खाली राहणारे मॉरलॉक हे मजुरांचे. त्यांना इतकी युगे जमिनीखाली राबवले की अखेर त्यांची निराळी जातच झाली. आणि शेवटी ते भयंकर सत्य: आता खालचेच वरच्यांना पोसतात आणि खातात. वेल्सची आई अपपार्क नावाच्या एका जमीनदारी वाड्यात घरव्यवस्था पाहत असे, आणि त्या वाड्यात नोकरांच्या येण्याजाण्यासाठी भुयारे होती. हे वाचल्यावर मला लेखक एकदम जवळचा वाटू लागला.

2002 साली या कादंबरीवर हॉलिवूडने पुन्हा चित्रपट काढला. दिग्दर्शक सायमन वेल्स, म्हणजे खुद्द वेल्सचा पणतू. वर्षभराने तुमसरहून त्याच्या दोन सीडी भाड्याने आणल्या आणि मोठ्या हौसेने बाबांना शेजारी बसवले. लंडनचे न्यूयॉर्क झाले होते. प्रवाशाला नाव मिळाले होते, आणि प्रवासाचे कारण म्हणून एक मृत वाग्दत्त वधूही. इथवर ठीक. पण मानवजात दुभंगते ती का? तर चंद्रावरच्या स्फोटांनी चंद्र फुटतो म्हणून! मालक नाहीत, मजूर नाहीत. एक अपघात, बस्स. मॉरलॉक म्हणजे झेप घेणारी जनावरे, आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा एक गोरा, वक्तृत्वसंपन्न खलनायक. अखेरीस नायक यंत्राचाच स्फोट घडवून सारे भुयार मॉरलॉकांसकट नष्ट करतो आणि वरच्या हिरव्यागार जगात सुखाने राहू लागतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अंदर किती जन होते रे?"

खाणीत सुरुंग उडवण्याआधी माणसे मोजतात. दिव्यांना क्रमांक असतात. दिवा परत आला नाही तर माणूस आत आहे. चाळीस वर्षे हा हिशोब पाळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि चित्रपटापाशी त्याचे उत्तर नव्हते. तो प्रश्न असू शकतो हेच त्याच्या गावी नव्हते.

चित्रपटाने पुस्तकाची पाने उलटत जावे असा माझा आग्रह नाही. जॉर्ज पाल यांच्या 1960च्या 'द टाइम मशीन'नेही वर्गभेद वगळला होता. तिथे युद्धामुळे माणसे खंदकांत शिरतात आणि काही तिथेच राहतात. पण अणुबाँबची ती भीती त्या काळाची स्वतःची होती. एका विचाराच्या जागी दुसरा विचार आला होता. 2004च्या 'आय, रोबॉट'ची तऱ्हा निराळी. बंडखोर यंत्रमानवांच्या ठराविक कथांना कंटाळून आसिमोव्हने तीन नियमांची कोडी रचली, आणि त्याच्याच पुस्तकाचे नाव लावून पडद्यावर यंत्रमानवांची फौज रस्त्यावर उतरली. तिथेही मूळ विचाराचा एक धागा शिल्लक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पाठलागांच्या धुमाळीत तो सापडायला आधी पुस्तक वाचलेले असावे लागते. असो.

त्या रात्री मी बाबांना मूळ गोष्ट सांगितली: खालचे कोण होते, खाली कसे गेले, यंत्रे कोणासाठी चालवत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अन् वरचे काय करत होते?"

"फळे खात. फुले माळत. नदीत डुंबत."

बाबा हसले, आणि सकाळच्या गाडीने सीडी परत करायची आठवण देऊन झोपायला गेले.